विसळणाची बादली

योजनेचं नाव कापडी फलकावर तीन ओळींत कसंबसं मावलं होतं, आणि योजनेत विद्यार्थी होते दोन. ‘ग्रामीण व मागास भागातील होतकरू विज्ञान विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिक प्रशिक्षण योजना’ असं ते नाव. फलक रंगवणाऱ्यानं ‘होतकरू’ हा शब्द सगळ्यांत मोठा काढला होता. त्यात काही हेतू नव्हता. त्या ओळीत जागा उरली होती, एवढंच.

बहात्तर सालचा दुष्काळ चालू होता. मी नगरला प्री-डिग्री सायन्सला होते. गाव जामखेडच्या बाजूचं, म्हणजे चांगल्या वर्षीही पाऊस जिथे उंबऱ्यावरूनच परत जातो, तिथलं. साखर कारखाना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कालव्याच्या पट्ट्यात होता. आमच्याकडची माणसं दर वर्षी तिकडे जात, ती ऊस तोडायला. माझी आईसुद्धा दोन हंगाम जाऊन आली होती. त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर एक प्रयोगशाळा असते आणि तिथे ऊस तोडत नाहीत, तपासतात, हे मला कॉलेजच्या सूचनाफलकावरून कळलं.

निवड कशी झाली ते पुढे तिथल्याच एका कारकुनानं सांगितलं. वरून दोन अटी आल्या होत्या. एक मुलगी असावी, आणि एक उमेदवार दुष्काळी भागातला असावा. माझ्यात दोन्ही अटी एका खेपेत भागल्या. उरलेल्या जागेवर भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरातला, आदिवासी वाडीतला एक मुलगा घेतला. तो माझ्याच वर्गात होता, पण कॉलेजात आम्ही कधी एकमेकांशी बोललो नव्हतो. त्या काळी मुलंमुली एका वर्गात बसत, ओळख मात्र नापास झाल्यावरच होत असे.

उद्‌घाटन झालं. चेअरमन साहेबांनी नारळ फोडला, तो एका फटक्यात फुटला म्हणून टाळ्या पडल्या. भाषणात त्यांनी आम्हा दोघांना उभं केलं आणि ‘हे उद्याचे शास्त्रज्ञ’ असं म्हणाले. आमच्या गळ्यात हार घातले. ते हार संध्याकाळी दुसऱ्या एका कार्यक्रमाला लागणार होते, म्हणून भाषण संपताच एका शिपायानं हळूच येऊन काढून नेले. मंडळी चहाला गेली आणि व्यवस्थापकांनी उद्याच्या शास्त्रज्ञांना खुर्च्या गोळा करायला सांगितलं. मुलगा खुर्ची मिटता मिटता मला म्हणाला, “आज तर हे, मग उद्या शास्त्रज्ञ. परवाचं कुनी सांगितलं न्हाई.” तेव्हापासून आमचं जमलं.

हसण्यासारखं होतं ते एवढंच. बाकी माझ्यासाठी गोष्ट साधी होती. दिवाळीच्या सुट्टीला जोडून सहा आठवडे आम्ही प्रयोगशाळेत काम करायचं. शेवटी प्रत्येकाच्या नावाचा एक छापील फॉर्म होता, त्यावर ‘योग्य / अयोग्य’ असं छापलेलं. त्यातला एक शब्द मुख्य केमिस्टनं खोडायचा. ‘योग्य’ राहिला तर बी.एस्सी. होईपर्यंत नगरच्या वसतिगृहाची सोय कारखाना करणार. ‘अयोग्य’ राहिला तर कॉलेज तिथेच संपलं. आमच्या गावाजवळ दुष्काळी काम निघालं होतं, पाझर तलावाचं. आई-वडील दोघंही तिथे खडी फोडत होते. मी निघाले तेव्हा वडिलांनी हजेरीपटावर माझंही नाव लावून ठेवलं होतं, परत आले तर असावं म्हणून.

“झालं तर झालं,” ते म्हणाले होते. “न्हाई तर हातोडी हाय. हातोडीला कोन मार्क इचारत न्हाई.”

त्यांनी ते माझ्या समाधानासाठी सांगितलं होतं. मला तीन रात्री झोप लागली नाही.

प्रयोगशाळा म्हणजे गिरणीच्या अंगाला चिकटलेली एक लांबट खोली. खाली ऊस पिळणारे रूळ फिरत आणि वर टेबलावरच्या बाटल्या एकमेकींशी बारीक आवाजात कुजबुजत. गोड, जळकट वास कपड्यांतच काय, भाकरीतही यायचा. मुख्य केमिस्ट पुण्याकडचे, सडपातळ, पन्नाशीचे, कमी बोलणारे. सगळे त्यांना साहेब म्हणत. प्रयोगशाळेत एक वयस्क शिपाई होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मुलीला राहायला कुठे ठेवायचं हा प्रश्न कोणाच्याही लक्षात आला नव्हता. तो मामांनी सोडवला. मी त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, मामी आणि त्यांच्या दोन मुलींबरोबर राहिले. योजनेच्या अहवालात पुढे ‘उत्तम निवास व्यवस्था’ असं छापलं गेलं, ते मामींच्या जिवावर.

पहिला आठवडाभर साहेबांनी आम्हाला एकही प्रयोग करू दिला नाही. फक्त धुवायला लावलं. काचेची नळकांडी, फनेल, चंचुपात्रं, टेस्ट ट्यूब. नळाच्या पाण्यानं तीनदा, मग डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा, आणि प्रत्येक वेळी ते पाणी मोरीत ओतून द्यायचं.

“रसायनशास्त्रातलं निम्मं काम मोरीपाशीच असतं,” ते म्हणाले. “उरलेलं निम्मं पुस्तकात आहे, ते तुम्ही पाठ केलंच असेल.”

आता इथे मी माझी अडचण सांगितली पाहिजे. डिस्टिल्ड पाणी कोपऱ्यातल्या तांब्याच्या यंत्रातून थेंब थेंब पडायचं. एक बाटली भरायला निम्मी सकाळ जायची. ते इतकं निर्मळ दिसायचं की त्याच्यामागची भिंत बाटलीविना दिसते त्याहून स्वच्छ भासे. आणि ते, एका नळीत फिरवून, मोरीत ओतून द्यायचं.

आमच्याकडे त्या वर्षी टँकर चार दिवसांनी यायचा. घरात पाणी एका कामातून दुसऱ्या कामात जात असे. धान्य निवडून धुतलं की ते पाणी भांड्यांना. भांड्यांचं पाणी हातपाय धुवायला. त्याखालचं जे उरेल ते शेळीला, आणि शेळीनं तोंड फिरवलं तर अंगणातल्या शेवग्याला. आई हे असं करायची की कोणाला ते काटकसर वाटायचं नाही. तो घराचा क्रमच होता. पाणी ओतून टाकणं ही गोष्ट मी फक्त मयताच्या वेळी पाहिली होती.

पहिल्या दिवशी मी तीनदा विसळून ओतलं. दुसऱ्या दिवशी हात अडखळला. तिसऱ्या दिवशी मी मोरीखाली एक पांढरी, कडेला टवका उडालेली बादली ठेवली आणि शेवटच्या विसळणाचं पाणी तिच्यात धरायला लागले. पहिलं विसळण मळकट, ते टाकलं तर ठीक. दुसरंही टाकलं. पण तिसरं? ते तर काचेसारखं पडायचं. ते मी धरून ठेवी आणि पुढच्या भांड्याला तेच वापरी. शेवटच्या विसळणालासुद्धा. मला वाटलं, एवढी मोठी मोठी माणसं, इतकी यंत्रं, आणि हे कोणाला सुचलं नाही.

मामांनी बादली पाहिली आणि खूश झाले. “पोरगी संसारी हाय,” त्यांनी घरी मामींना सांगितलं. “साहेबाच्या लॅबात बी घर चालवती.”

मुलगा मात्र नळ सोडायचा तो धो धो. एकदा मी म्हणाले, “जरा हळू. तुझ्या बापाचं धरण आहे का?”

“व्हय,” तो म्हणाला. “आज्याचं. आज्याची भातखाचरं हायती त्याच्या तळाला. धरन आमच्या डोक्यावर बांधलं आन् पानी हितल्या उसाला आलं. आमच्या वाडीत उन्हाळ्यात बाया झऱ्याला वाटीनं पानी भरत्यात. म्हनून हितं आलोय तर जरा हिशोब वसूल करतोय. तुला काय त्रास?”

मी बादली थोडी त्याच्या बाजूला सरकवली. त्यानं ती पायानं परत सरकवली.

पुढचे तीन आठवडे माझे फार चांगले गेले. उसाच्या रसाचे नमुने यायचे. त्यात शिशाच्या क्षाराची पूड घालून रस निवळायचा, गाळायचा, लांब नळीत भरून दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहायचं आणि साखर किती ते वाचायचं. माझे आकडे साहेबांच्या आकड्यांना बिलगून यायचे. मुलाचे कधी इकडे, कधी तिकडे. तो घाई करायचा. साहेबांनी एकदा माझ्या वहीच्या कडेला बारीक बरोबरची खूण केली. ती मी त्या रात्री मामींना दाखवली. मामींना वाचता येत नव्हतं, पण खूण ती खूणच. त्यांनी तिला बोट लावून पाहिलं.

तेव्हा मला कळलं नाही, पण कारण साधं होतं. रसात साखर इतकी असते की माझ्या बादलीतली चिमूटभर साखर त्यात कुठल्या कुठे हरवून जात असे. माझी चूक रोज घडत होती आणि रोज माफ होत होती.

पाचव्या आठवड्यात साहेबांनी आम्हाला बॉयलरच्या पाण्याची तपासणी शिकवली. ही दर तासाला व्हायची. रस आटवताना जी वाफ निघते तिचं पाणी होतं, तेच पुन्हा बॉयलरला जातं. मध्ये एखादी नळी फुटून त्या पाण्यात रस मिसळला, तर साखर बॉयलरमध्ये जाऊन जळते, आतल्या नळ्या निकामी होतात आणि कारखाना बंद पडतो. म्हणून त्या पाण्यात साखरेचा मागमूसही चालत नाही. तपासणी एका टेस्ट ट्यूबमध्ये होते. पाणी घ्यायचं, एका औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि ट्यूब तिरपी धरून कडेनं तीव्र आम्ल सोडायचं. साखर नसेल तर काही होत नाही. असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी उमटते. अगदी कणभर असली तरी उमटते.

आम्ही चारपाच दिवस ही तपासणी साहेबांच्या हाताखाली, त्यांच्याच स्टँडवरच्या ट्यूबा घेऊन केली. एकदाही कडी आली नाही. कंटाळवाणं काम होतं. काही न होणं हेच त्यातलं यश.

मग मुंबईहून पाहुणे आले. कुठल्या खात्याचे ते शेवटपर्यंत मला कळलं नाही, पण त्यांच्यापुढे चेअरमन साहेब स्वतः दारं उघडत होते. आदल्या दिवशी प्रयोगशाळेला चुना लावला. तीन ओळींचा फलक वर आणून खिडकीत बांधला, त्यामुळे खोलीत अंधार झाला. मुलीनं काहीतरी करून दाखवावं असं ठरलं. रसाची तपासणी लांबते, पाहुण्यांना जेवायचं असतं. म्हणून पाण्याची ठरली. ती दोन मिनिटांत होते.

मी त्या दिवशी ट्यूबा जास्तच काळजीनं धुतल्या. पाहुण्यांसाठी नव्या चकचकीत ट्यूबा काढल्या होत्या. त्या मी सहाव्यांदा, सातव्यांदा विसळल्या. बादलीतल्या पाण्यानं. बादली मी कधी रिकामी केलीच नव्हती, आणि आदल्या दोन दिवसांत तिच्यात खास भर घातली होती.

अकराच्या सुमाराला मंडळी आली. साहेब भिंतीला टेकून उभे. मी बॉयलरकडून आलेलं पाणी ट्यूबमध्ये घेतलं, थेंब टाकले, ट्यूब तिरपी केली आणि आम्ल सोडलं. एक थेंबही इकडेतिकडे गेला नाही. त्याचा मला अभिमान वाटल्याचंही आठवतं. मग मध्यभागी कडी उमटली. अशी जांभळी, अशी रेखीव की मीच क्षणभर पाहत राहिले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“वा!” एक जण म्हणाले. “काय सुंदर रंग आहे!”

“दुष्काळी भागातली मुलगी आहे,” चेअरमन साहेब म्हणाले. “पाण्यातून रंग काढते बघा!”

पुन्हा टाळ्या. साहेबांचा चेहरा मात्र भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता. ते कोणाला काही न बोलता फोनकडे गेले आणि खाली बॉयलरवाल्यांना म्हणाले, “पाणी तोडा. सगळं नाल्यात सोडा. आत्ता.” नियमच तसा होता. कडी दिसली की आधी पाणी तोडायचं, मग विचार करायचा.

पाहुण्यांना वाटलं, हाही प्रात्यक्षिकाचा भाग. ते फार समाधानानं जेवायला गेले.

साहेबांनी त्याच पाण्याचा नमुना मुलाला दिला. मुलानं आपली ट्यूब घेतली, धो धो धुतली, तपासलं. काही नाही. परत केलं. काही नाही. मग मला करायला सांगितलं. जांभळी कडी. साहेबांनी स्वतः केलं. काही नाही. त्यांनी पुन्हा फोन करून पाणी चालू करायला सांगितलं. पण तोवर हौदच्या हौद गरम पाणी नाल्यात गेलं होतं, आणि बॉयलरला कालव्याचं गार पाणी द्यावं लागल्यानं खाली सगळे खोळंबले होते. खालून एक इंजिनिअर वर येऊन विचारून गेले, “कोणाचं डोकं फिरलं होतं?” साहेब म्हणाले, “माझं.”

त्यांनी मला बाहेर जाऊन चेहरा धुवून यायला सांगितलं. मी मागच्या जिन्यानं खाली आले. नाला कारखान्याच्या भिंतीमागून ऊसतोड्यांच्या कोप्यांच्या कडेनं जातो. तिथे जत्रा भरली होती. उसाच्या पाचटाच्या त्या झोपड्यांतून बाया हंडे, कळश्या, पातेली घेऊन धावल्या होत्या. कोणी लेकरं नागडी करून घासत होतं, कोणी डोक्याला राख लावून केस धूत होतं. वाफ निघत होती आणि सगळ्या जणी एकाच वेळी बोलत होत्या. एक बाई आमच्याच बाजूची, बोलण्यावरून कळत होतं. तिनं मला ओळखलं. मी लॅबातली पोरगी म्हणून कोप्यांत सगळ्यांना ठाऊक होते.

“अगं पोरी, वर कुनाला तरी बुद्धी झाली म्हनायची! ऊन पानी सोडलंय. दीड म्हयना झाला, डोस्क्याला पानी न्हवतं. कोन गं त्यो पुन्यवान?”

“मला न्हाई माहीत, मावशी,” मी म्हणाले.

“इचारून ठेव. दर आठवड्याला सोड म्हनावं.”

ओंजळभर पाणी वाचवायला निघालेल्या मुलीनं हौद ओतले होते, आणि ते ओतलेलं पाणीच तेवढं कोणाच्या तरी उपयोगी पडलं होतं. यातून काय शिकायचं असतं ते मला तेव्हा समजलं नाही. अजूनही नीट समजलंय असं म्हणवत नाही.

वर गेले तेव्हा साहेब मोरीपाशी उभे होते. मुलगा आणि मामाही होते.

“आता पुन्हा कर,” साहेब म्हणाले. “अगदी धुण्यापासून. मी बघतो.”

मी ट्यूब घेतली. नळाखाली तीनदा. डिस्टिल्ड पाण्यानं एकदा, दोनदा. मग सवयीनं खाली वाकून बादलीत भांडं बुडवलं.

“थांब. ते पाणी कुठलं?”

मी काही बोलायच्या आत मामा पुढे झाले. “साहेब, ती बादली माझी. फरशी पुसायला मीच ठेवली. पोरीला म्हाईत न्हवतं.”

साहेबांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामांची नोकरी वीस वर्षांची होती आणि दोन मुलींची लग्नं व्हायची होती. माझ्यापुढे खडीची हातोडी होती. खोटं सांगावं असं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. पण मामा खोटं इतकं वाईट बोलत होते की ते टिकलंच नसतं.

“माझी आहे, साहेब,” मी म्हणाले. “शेवटच्या विसळणाचं पाणी साठवते. ते स्वच्छच असतं.”

“स्वच्छ म्हणजे काय?”

मी बादलीतल्या पाण्याकडे बोट केलं.

“त्याची तपासणी कर.”

मी बादलीतलं पाणी ट्यूबमध्ये घेतलं. थेंब टाकले. आम्ल सोडलं. या वेळी कडी नव्हतीच. अर्धी ट्यूब जांभळी होऊन काळपटली. पाच आठवड्यांची साखर त्या स्वच्छ पाण्यात बसली होती.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि म्हणाले, “शनिवारी फॉर्म भरायचेत. मी आज भरला तर काय लिहीन ते तुला माहीत आहे. मला ते लिहायचं नाही. पण तपासनिसाच्या हातावर विश्वास ठेवता आला नाही तर मी काय करू? तुझे रसाचे आकडे चांगले आहेत. आता मला वाटतं ते चांगले का आहेत तेही तपासावं लागेल.”

ते गेल्यावर मामा म्हणाले, “फेकून देऊ का गं ती?”

“राहू दे,” मी म्हणाले.

संध्याकाळी मामी भाजी धूत होत्या. कॉलनीचा नळ तासभरच यायचा, म्हणून त्यांचाही हिशोब आमच्या घरासारखाच होता. भाजीचं पाणी त्यांनी भांड्यांच्या टोपलीवर ओतलं. मग त्यांची धाकटी मुलगी चिखलाचे पाय घेऊन आली आणि ते भांड्यांचं पाणी घ्यायचं सोडून तिनं सरळ माठाखालच्या घमेल्यातल्या चांगल्या पाण्यात पाय घातले. मामींनी तिच्या पाठीत एक ठेवून दिली.

“पायाचं पानी भाजीला वापरू का आता? आं? वरचं पानी खाली येतं. खालचं वर नेती काय?”

मी तिथेच उंबऱ्यावर बसले होते. आईचाही क्रम हाच होता. धान्याचं भांड्यांना, भांड्यांचं पायांना, पायांचं शेळीला. उलटं कधीच नाही. शेळीपुढचं पाणी उचलून आईनं धान्य धुतलं असतं तर वडिलांनी तिला दवाखान्यात नेलं असतं. आणि मी मात्र टेस्ट ट्यूबच्या पायाचं पाणी तिच्याच तोंडाला लावत होते. मला विज्ञान कळलं नव्हतं ही वेगळी गोष्ट. मला आमचं घरही पूर्ण कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना म्हणाले, “साहेब, बादली राहू द्या. पण तिच्यातलं पाणी खालच्या कामालाच. मळक्या भांड्यांचं पहिलं धुणं, आणि फरशी. शेवटचं विसळण नेहमी ताजं, आणि ते सगळं बादलीत. बादलीतून वर काही नाही.”

“आणि उद्या कोणी घाईत वर नेलं तर?”

“बादलीला लाल रंग लावते.”

त्यांनी थोडा विचार केला. “दहा ट्यूबा धू. दहाही माझ्यासमोर तपास. तुझ्या हातानं.”

मी धुवायला लागले. नळाचं तीनदा. डिस्टिल्डचं एकदा, दोनदा. तिसऱ्याला बाटलीतलं ताजं पाणी घेतलं. “आजच्यापुरतं मोरीत,” साहेब म्हणाले. ते ओतायची वेळ आली आणि हात थांबला. खरोखर थांबला. काल एवढं सगळं होऊनही. साहेब पाहत होते, मामा पाहत होते, आणि ते निर्मळ पाणी ट्यूबमध्ये डुलत होतं.

शेजारून मुलगा म्हणाला, “वत की गं. धरन आमचं हाय. मी सांगतो तुला, वत.”

मी ओतलं. त्यानंतरची नऊ सोपी गेली असं नाही, पण ओतली. दहा ट्यूबा ओळीनं उभ्या राहिल्या. तपासल्यावर एकीतही कडी नव्हती. साहेबांनी एक एक खिडकीशी नेऊन पाहिली. फलक अजून बांधलेलाच होता, म्हणून त्यांनी आधी तो सोडवला. माझ्या वहीतले जुने रसाचे आकडेही त्यांनी दोन दिवस बसून मागे जाऊन पडताळले. मला ते दोन दिवस सहा आठवड्यांहून लांब वाटले.

शनिवारी समारोप झाला. नारळ होता, हार होते, ते हारही परत गेले. चेअरमन साहेबांनी भाषणात जांभळ्या कडीचा दोनदा उल्लेख केला. फॉर्म पाकिटात बंद करून दिले होते आणि सगळ्यांसमोर उघडणं बरं दिसलं नसतं. मी ते मामांच्या घरी जाऊन उघडलं. ‘अयोग्य’वर शाईची एक सरळ रेघ होती. खाली शेऱ्याच्या जागी साहेबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘पाणी जपते. लक्ष ठेवावे.’

मुलाच्या फॉर्मवरही ‘योग्य’ होतं. त्याच्या शेऱ्यात नुसतं ‘घाई’ असं लिहिलं होतं. तो म्हणाला, “एवढ्या घाईनं लिवलंय की क्रियापद बी न्हाई.”

दोन दिवसांनी मी गावी गेले. एसटीतून उतरून घरी न जाता सरळ तलावाच्या कामावर गेले, कारण दिवसा घरी कोणीच नसे. आई-वडील खडीच्या ढिगापाशी होते. सगळ्यांची डोकी धुळीनं एकाच रंगाची झाली होती. वडिलांनी हातोडी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि कागद दोन बोटांनी धरला. वाचता येत नव्हतं म्हणून हजेरी घेणाऱ्या कारकुनाकडे नेला. तो आमच्याच गावचा, मॅट्रिक.

कारकुनानं मोठ्यानं वाचलं. ‘योग्य’ म्हटल्यावर आईनं पदर तोंडाला लावला. मग त्यानं शेरा वाचला. “पाणी जपते. लक्ष ठेवावे.”

वडिलांनी कागद परत हातात घेतला.

“हे सांगाया सहा आठवडं लागलं त्यास्नी?” ते म्हणाले. “मला इचारलं असतं तर पोस्टकार्डावर कळवलं असतं. पाळन्यात हुती तवाबी अंघुळीचं पानी सांडू देत न्हवती.”

आजूबाजूचे हसले. आईसुद्धा हसली. मग वडिलांनी कागदाची घडी घातली, ती माझ्याकडे न देता स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि कारकुनाला म्हणाले, “हिचं नाव काढ हजेरीवरनं.”

कारकुनानं पट उघडला, बोटानं ओळी मोजत खाली गेला, माझ्या नावापाशी थांबला. “नक्की ना? परत लावाया त्रास व्हतो.”

“काढ म्हनलं ना.”

त्यानं पेन झटकलं आणि नावावरून रेघ ओढली. वडिलांनी हातोडी उचलली. मी एका दगडावर बसून ती रेघ वाळेपर्यंत पाहत राहिले.